होडीसारखी बांधलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. मित्रांनो, भिंत म्हटलं की तिच्यामागे घर असेल, वर कौलं असतील, आत चार माणसं असतील, असं तुम्ही धरून चालाल. तसं काही नाही. माझ्यामागे आघाड्याचं रान आहे आणि वर आभाळ. माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, माझी जागा. तीही वादातली आहे.

रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघालात आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या लहानशा बंदरावर उतरलात, तर तरीच्या धक्क्यासमोर पहिली मीच दिसेन. तर म्हणजे माणसांना खाडीपार नेणारी होडी. ती दिवसभर इकडून तिकडे जात असते. मी तिच्याकडे बघत असते. ती जाते आणि मी राहते, हे आता माझ्या अंगवळणी पडलं आहे. पण एक पावसाळा असा आला की मला तीसुद्धा दिसेनाशी झाली. त्या पावसाळ्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी थोडं मागचं.

माझा जन्म सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, चिरेखाणीतला. जांभ्याचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा ओला आणि मऊ असतो. मग त्याला ऊन लागतं, वारा लागतो, आणि तो हळूहळू कणखर होतो. आम्हा चिऱ्यांचं सगळं बळ वाऱ्याचं. बैलगाडीतून आम्ही बंदरावर आलो, तिथे बर्फाची वखार उठली आणि मी तिची पुढची भिंत झाले. रस्त्याकडच्या अंगाला मला चुन्याचा गिलावा केला. आतल्या अंगाला लाकडाच्या भुशात बर्फाच्या लाद्या निजवलेल्या असायच्या. एका बाजूने उन्हाचा चटका आणि दुसऱ्या बाजूने हुडहुडी, असा माझा संसार होता. पण ते दिवस मानाचे होते. होड्या धक्क्याला लागल्या की बायका पाट्या घेऊन बर्फासाठी धावायच्या, आणि बंदराची मासळी नासत नाही ती आपल्या जिवावर, असा मला उगाच तोरा होता.

पुढे शहरात बर्फाचे मोठे कारखाने झाले. ट्रक भरून बर्फ येऊ लागला आणि वखारीला कुलूप लागलं. मालक वारले. दोघा मुलांनी वाटणी मांडली आणि हद्दीची रेघ नेमकी माझ्या पायाखालून गेली. कोकणात भाऊबंदकी आणि फणस दोन्हीही घरोघरी पिकतात. प्रकरण कोर्टात गेलं. बाकीच्या तीन भिंतींचे चिरे एकेक करून कुणाकुणाच्या कुंपणाच्या गडग्यांना लागले, कौलं विकली गेली. मला मात्र हात लावायची कुणाची छाती होईना, कारण माझ्यावर दावा होता. तेव्हापासून मला कुणी पाडूही शकत नाही आणि माझ्यावर छप्परही घालू शकत नाही.

मग माझी दैना सुरू झाली. निवडणुकीची पोस्टरं, वाढदिवसांचे बॅनर, पानाच्या पिचकाऱ्या सगळं अंगावर आलं. रात्री आडोशाला येणारे माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे, पण ते काही माझं दर्शन घ्यायला नव्हे. भिंतीला कान असतात असं तुम्ही माणसं म्हणता. भिंतीला तोंड असतं असं कुणीच म्हणत नाही. ऐकायचं सगळं आणि बोलायचं काही नाही, हा आमचा जन्म.

अशात एका हिवाळ्यात तेजस्वीताई आली. रत्नागिरीत चित्रकला शिकवणारी ही बाई, खांद्याला झोळी, पायात रबरी चपला. वस्त्यावस्त्यांतल्या पोरांना घेऊन ती गावोगावच्या भिंती रंगवत असे. आमच्या बंदरावर तिने दोन्ही काठांची पोरं गोळा केली. अलीकडच्या काठाची ती मच्छीमारांची. पलीकडच्या काठाची ती कातकरी वस्तीतली.

त्या वस्तीबद्दल सांगायला हवं. खारफुटीच्या चिखलात हात घालून बिळातल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, काढायच्या, आंब्याच्या बागांतलं रान बेणायचं, मिळेल त्या कामाला जायचं, अशी ती माणसं. तरीतून उतरून ती बंदरावर यायची, काम करून परत जायची, पण धक्क्यावर बसायची नाहीत. त्यांना कुणी ‘बसू नका’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तसं म्हणायची गरजच पडत नसे.

तेजस्वीताईने पोरांना एकच गोष्ट सांगितली. “ज्याच्यावाचून बंदराचं अडेल, असं एक माणूस प्रत्येकाने काढायचं.” झालं, माझ्यापुढे पोरांची झुंबड उडाली. रूपेशने आपल्या बापाला काढलं. हरिश्चंद्र तांडेल, म्हणजे बंदरातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा नायक. पोराने बापाच्या मिशा अशा काढल्या की त्यांच्यावर जाळी वाळत घालता आली असती. सलोनीने जाळी विणणारे आजोबा काढले. कुणी तरवाला काढला, कुणी डिझेलवाला. चांगल्या चांगल्या जागा भराभर गेल्या. माझी मधली जागा तेवढी उरली, कारण तिथे गिलावा जरा फुगलेला होता आणि तो पोपडा कुणालाच नको होता. ती जागा मागे उभ्या राहिलेल्या दर्शनाच्या वाट्याला आली.

दर्शना कातकरी वस्तीतली, नववीत शिकणारी. तिने आपली आई काढायला घेतली. आईचं नाव मंगळी. ती तापाच्या लांबलेल्या दुखण्यात गेली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. होता तो बापाच्या, बाबल्याच्या, मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल कुर्ल्या काढताना खाडीत पडला. आधार कार्डावरचा फोटो इतका काळा की त्यात मंगळी आहे की तिची सावली, ते सरकारलाच ठाऊक. तेव्हा ती पोर डोळे मिटायची, थोडा वेळ तशीच उभी राहायची, डोळे उघडून एक रेघ ओढायची आणि पुन्हा मिटायची. जमलं नाही की ओल्या फडक्याने पुसायची. दोन डोळे जमेपर्यंत तिने मला किती पुसलं, विचारू नका. पण एका दुपारी ते जमले. कपाळावरचं गोंदण, मिटलेले ओठ, जरा थकलेली नजर, काखेत कुर्ल्यांची पाटी. दर्शनाने ब्रश खाली ठेवला, माझ्यावर तळवा टेकला आणि हळूच म्हणाली, “आय.” आजवर माझ्या अंगावर कागद डकवले होते, नावं खरडली होती. माणूस पहिल्यांदाच आलं. मला खरंच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई पाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर थबकली. गोदूबाई म्हणजे आमच्या मासळीबाजाराचा आवाज. तिने भाव सांगितला की कावळेसुद्धा मागे सरतात.

“ह्या कोणाचं त्वांड गो?” तिने विचारलं.

“माझ्या आयचं,” दर्शना म्हणाली.

गोदूबाई थोडा वेळ बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. “आन ह्ये मधोमध? बंदार काय कातकरणी चालवतात? तांडेल, तुमी हितं हाव ना? तुमी कडंला आन ही मधी?”

हरिश्चंद्र तांडेल भला माणूस, पण भांडणापेक्षा वादळ बरं असं मानणारा. त्याने आपल्या मिशांचं चित्र पाहिलं, मंगळीचं पाहिलं आणि डोकं खाजवलं. “ऱ्हाव दे गो गोदूवैनी. पोरांचा ख्याळ तो. पाऊस आला की जायलच धुवून.”

तेजस्वीताई काहीतरी ठाम बोलणार होती, पण एवढ्यावर भांडण मिटतंय म्हटल्यावर तीही गप्प बसली. दर्शनाने मात्र ते वाक्य ऐकलं. पाऊस आला की जाईल. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच धास्ती बसली. आईची दुसरी कुठली खूण नव्हती. जी होती ती माझ्या अंगावर होती.

आणि मग नवल झालं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, गणपतीपुळ्याचं दर्शन उरकून पावसकडे निघालेल्या गाड्या आमच्या बंदरावर वळू लागल्या. कुणीतरी माझा फोटो मोबाइलवरून सगळीकडे धाडला होता. माणसं उतरायची, माझ्यापुढे उभी राहायची, आणि फोटो काढायची ती मंगळीशेजारी. मिशांकडे बघून हसायची, मंगळीकडे बघून गप्प व्हायची. आता तांडेलच लोकांना सांगू लागला, “ही आमच्या बंदराची भिंत. ही मधली आमची मंगळी.” आमची! माणसाचं मन कधी कुठे वळेल सांगता येत नाही. गोदूबाई तेवढी माझ्याकडे पाठ करून बसायची, पण बसायची माझ्याच सावलीत. आणि एका संध्याकाळी मी पाहिलं, दर्शना तरीची वाट बघत धक्क्यावर बसली होती. पाय खाली सोडून, हक्काने. तिला कुणी उठवलं नाही.

मे महिना सरत आला. मासेमारी बंद व्हायची वेळ झाली. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या ओढून वर घेतात, लाकडी ओंडक्यांवर चढवतात आणि मेणकापडाने घट्ट बांधून टाकतात. त्या दिवशी नारळ फोडून गाऱ्हाणं घालतात. शेवटची होडी बांधून झाली तेव्हा तांडेलाची नजर माझ्याकडे गेली.

“आन हिचं काय?” तो म्हणाला. “हिला उघडी टाकायची?”

मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की बर्फाच्या दिवसांतही झाला नव्हता. जुन्या काळी पावसाच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं लावायचे. पण झापं आता गोठ्याला लावतात. माझ्यासाठी त्यांनी नवंकोरं निळं मेणकापड आणलं, जे होडीला घालतात तेच. वरून खाली, मागून पुढे, मला होडीसारखं गुंडाळलं. दोर आवळले. तांडेलाने स्वतःच्या हाताने गाठी मारल्या, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा समुद्रा म्हाराजा, ही आमच्या बंदराची भिंत आमी आज झाकतो. हिच्यावर जी लेकरांनी माणसां काढली, त्यांची वाऱ्यापावसापासून राखण कर म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मागे उभ्या असलेल्या बाबल्याचाही आवाज मी त्यात ओळखला. दर्शनाचे डोळे भरून आले होते. पाऊस आला की जाईल म्हणणारा माणूसच आज तिच्या आईवर पांघरूण घालत होता. याहून मोठा मान काय असतो?

पण होडी आणि भिंत यांत फरक आहे, हे त्या प्रेमात कुणाच्या ध्यानी आलं नाही. होडी ओंडक्यांवर उभी असते, तिच्या पोटाखालून वारा खेळतो. माझे पाय खाडीच्या चिखलात आहेत. आषाढात जमीन भरली की पाणी माझ्या पायातून वर चढतं. एरवी ते मी वाऱ्यावर टाकते आणि मोकळी होते. आता टाकायचं कुठे? समोर मेणकापड, मागे मेणकापड, डोक्यावर मेणकापड. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्याचा एक थेंब मला लागत नव्हता, तरी मी आतल्या आत भिजत चालले होते.

दिवस आहे की रात्र, ते निळ्या उजेडावरून कळायचं. भरतीचा आवाज यायचा, पण खाडी दिसायची नाही. तरीवरून हाक यायची, पण कोण उतरलं ते दिसायचं नाही. मेणकापडाच्या आत घाम धरला. त्या घामावर काळे ठिपके आले, ठिपक्यांची बुरशी झाली. गोगलगाई आल्या, वाणी किडे आले, माझ्या अंगावरून सावकाश फिरू लागले. आणि वारा सुटला की ओलं मेणकापड माझ्या छातीवर थापकन बसायचं आणि तिथेच चिकटून राहायचं. आधी तांडेलाच्या मिशा फुगल्या. मग जाळी विणणाऱ्या आजोबांचे हात सुटले. मी मनात म्हणत होते, मधलं राहू दे, बाकी गेलं तरी चालेल. पण गिलावा मुळात मधेच कच्चा होता. एका पहाटे मंगळीच्या गालाखाली हवेचा फोड धरला. माझ्याच अंगावरची कातडी सुटत होती आणि मला हातही हलवता येत नव्हता.

दर्शना रोज शाळेला येता-जाता थांबायची. मला तिची छत्री ऐकू यायची. ती मेणकापडावर तळवा टेकायची. आत तिच्या तळव्याखाली तिच्या आईचं कपाळ भुसभुशीत होत होतं आणि तिला वाटत होतं, आय कोरडी आहे. मित्रांनो, बंद असण्याचं दुःख मी सोसलं असतं. पण जिच्यासाठी आपण जपले गेलो तिला धोक्याची सूचना देता येऊ नये, याच्यासारखा कोंडमारा नाही.

मग एके दिवशी ती जास्त वेळ थांबली. तिने फटीला नाक लावलं. आणि होड्यांकडे चाललेल्या तांडेलाला तिने हाक मारली.

“तांडेल काका, आतून वास येतो.”

“कसला वास?”

“कुबट. काहीतरी कुजल्यासारखा.”

“पावसात वास येवचाच बाय. माज्या उशीलापन येतो.” तो हसला.

“जरा सोडून बघूया का? एकच गाठ.”

“अगो, गाठ सोडलीस तर वारा शिरंल. वारा शिरला की कापड फाटतं आन समदं संपलं. माजा जल्म गेला होड्या झाकण्यात. तू काळजी करू नको.”

त्याच्या आवाजात खरोखर माया होती. म्हणूनच तिला पुढे बोलता येईना. जो माणूस तिच्या आईला आपल्या होडीइतक्या मानाने वागवतो, त्याला तुमचं चुकतंय म्हणायचं कसं? आणि म्हणणारी कोण, तर खाडीपलीकडची पोर, जिला धक्क्यावर बसायला मिळून जेमतेम उन्हाळा झाला. तिने तेजस्वीताईला फोन करून पाहिला. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यांना पावसाचं माझ्यापेक्षा जास्त कळतं गं.” मला तोंड नव्हतं. दर्शनाला होतं, पण त्याचा उपयोग तेवढाच झाला.

तरी पोर हिकमती. एका दुपारी पावसाची उघडीप होती, बंदरावर शुकशुकाट होता. ती माझ्या कडेला बसली आणि तांडेलाची खालची गाठ सोडू लागली. भिजून फुगलेला दोर, तिची नखं दुखावली असतील. गाठ जरा सैल झाली. बोटभर फट पडली आणि तिच्यातून वाऱ्याची एक झुळूक आत आली. महिन्यानंतर मला श्वास घेता आला. आणखी थोडं, मी मनात म्हणत होते, आणखी थोडं.

“काय गो! काय चोरतंस थंय?”

गोदूबाईचा आवाज. दर्शना ताडकन उभी राहिली.

“मी... मी बघत होते फक्त.”

“बगायला गाठी सोडाव्या लागतात? दोर चोरीला गेला तर तांडेल कुणाला धरील? चल, हो घरला.”

चोर हा शब्द त्या वस्तीच्या माणसांना किती पिढ्या चिकटवला आहे, ते त्या पोरीला चांगलं ठाऊक होतं. तिने खाली मान घातली, स्वतःच ती गाठ परत आवळली, चांगली घट्ट आवळली, आणि तरीवर गेली. त्यानंतर ती माझ्यापुढे थांबेनाशी झाली. छत्री ऐकू यायची, पण न थांबता पुढे जायची. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कोंडमारा तो.

नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली. होड्या सोडायची, रंगवायची धांदल सुरू झाली. मलाही सोडायचं ठरलं. अख्खं बंदर जमलं. तेजस्वीताई रत्नागिरीहून पेढे घेऊन आली. दर्शनाला वस्तीतून मुद्दाम बोलावून पुढे उभं केलं. तांडेलाने दोर कापले आणि चौघांनी मेणकापड वरून खाली ओढलं.

ते सहज निघालं नाही. करकरत निघालं. 

मी काळी-हिरवी पडले होते. मिशा नव्हत्या, आजोबा नव्हते, तरवाला नव्हता. मधोमध गिलाव्याची नुसती खपली होती. मंगळी माझ्या अंगावर नव्हती. मेणकापड जमिनीवर उलटं पडलं होतं आणि त्याला तिच्या चेहऱ्याचे तुकडे चिकटले होते. एक डोळा, थोडं गोंदण, अर्धा गाल, सगळं उलटं. रूपेशने ते कापड उचलायला हात घातला तसा तो डोळाही चुरा होऊन सांडला.

तांडेल त्या चुऱ्यापाशी खाली बसला. “देवा,” एवढंच तो म्हणाला. मग दर्शनाकडे न बघता म्हणाला, “तू बोललीस हुतीस. वास येतो म्हनून बोललीस हुतीस.”

तेजस्वीताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आपण परत काढू. फोटो आहेत लोकांकडे, मी रंग आणते. तू परत काढ.”

दर्शना रडली नाही. ती त्या खपलीकडे बघत होती. “कशी काढू, ताई? भिंतीवर आय आली नि मी आठवायचं सोडलं. रोज बघायला मिळत होती ना. आता डोळे मिटले की मला ही काढलेलीच दिसते. खरी दिसत नाही.”

तांडेल उठला. त्याने नारळाचं सोडण उचललं आणि माझं अंग घासू लागला. बुरशी, शेवाळ, सुटलेला रंग, सगळं त्याने खरवडून काढलं. हळूहळू बाकीचेही लागले. बाबल्या लागला. मोकळा वारा अंगावर येत होता. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटण्याची लाज वाटत होती.

गोदूबाई तेवढी बाजूला उभी होती. मग तिने आपली पाटी पालथी घातली आणि ती माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून बसली.

“हसायची ती,” गोदूबाई म्हणाली.

दर्शनाने वळून पाहिलं.

“तुजी आवस. तू काढलीस ती मिटल्या तोंडाची, दुखण्यातली. तशी नव्हती ती. मी भाव पाडला की हसायची. वरचा एक दात तुटका, आन हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. वाटायचं, मलाच हसते मेली. आन मलाच हसत हुती.”

“तुम्ही ओळखत होतात?”

“पहाटच्या तरीनं यायची. समदी यायच्या आदी माज्या दारात पाटी रिकामी करायची आन परत जायची. वरसानुवरसं. रत्नागिरीच्या बाजारात गोदूबाईच्या कुर्ल्या म्हनून नाव झालं माजं. त्या माज्या नव्हत्या गो. तिच्या हुत्या.”

दर्शना तिच्याजवळ गेली. “मग तेव्हा भिंतीवर नको का म्हणालात?”

गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. “रोज हितं बसून माल विकायचा, आन ती समोरून बगनार. तुला काय वाटतं, सोपं हाय?”

होडीच्या फटी बुजवायला राळ वितळत होती, त्या चुलीतला एक विझलेला कोळसा दर्शनाने उचलला. ती माझ्यापुढे आली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती मागे वळून विचारत होती आणि गोदूबाई सांगत होती. गाल जरा वर. डोळा अजून बारीक. न्हाय, एवढा न्हाय. दात उजव्या अंगाला. तरवाल्याने सांगितलं की ती केस वर बांधायची. बाबल्याने पुढे येऊन बोटाने फक्त हनुवटीवरची खळी दाखवली. काळ्या रेघांतून माझ्या ओल्या अंगावर एक बाई हसू लागली. अशी हसणारी आई दर्शनाला ठाऊक नव्हती. आता ती रडली.

“पाटी मोठी काढ,” गोदूबाई मागून म्हणाली. “भरून काढ.”

मित्रांनो, माझी हकीकत एवढीच आहे. अजून मी ओली आहे. दिवाळीपर्यंत रंग चढणार नाही, आणि तोवर एखादी वाकडी सर आली तर कोळसा उतरेलही. दावा अजून चालू आहे, तेव्हा माझी सुटका नाही. पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुम्ही पुढे खूप काही जपाल. चित्रं जपाल, झाडं जपाल, माणसं जपाल. जपताना गाठी जरूर मारा, पण अधूनमधून सोडूनही बघा. आणि आत काहीतरी कुजतंय असं कुणी सांगितलं, तर सांगणारं कुठल्या काठावरचं आहे ते विचारत बसू नका. त्याला आधी गाठ सोडू द्या.

दर्शना परवा तरीतून उतरली आणि कोळशाची एक रेघ पुसट झाली होती ती पुन्हा गडद करू लागली. गोदूबाईकडे एका गिऱ्हाइकाने बाबल्याकडून आलेली कुर्ल्यांची पाटी उचलून विचारलं, “तुमच्याच ना या?”

“न्हाय,” ती म्हणाली, आणि माझ्यावरच्या मंगळीकडे बोट केलं. “तिच्या.”